लांडग्याच्या नावावर कुत्र्यांची उधारी : बालाघाटच्या माळावरचं एक प्रकरण

हे प्रकरण 2024 च्या डिसेंबरपासून पुढच्या मार्चपर्यंतचं. जागा बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या अंगाला, बालाघाटचा माळ. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लांडग्याच्या बिळाचा पत्ता एकदा फुटला की काय होतं ते पुढं येईलच. मी पशुवैद्यकीय डिप्लोमा केलेला माणूस, 22 वर्षं झाली मोटारसायकलला बॅग अडकवून गावोगाव फिरतोय, अडलेल्या शेळ्या, खुरकूत, पोटफुगी, जे येईल ते बघायचं. सरकारी नोकरी नाही त्यामुळं माझ्या सहीला कागदावर किंमत नाही, पण रात्री दोन वाजता फोन मलाच येतो. म्हणून या प्रकरणात मी सुरुवातीपासून होतो, आणि यात जे चुकलं त्यातली एक मोठी चूक माझी आहे, ती पण लिहिणार आहे.

लांडगा म्हटलं की लोकांना वाटतं पैशाला पासरी असतील. नाहीत. 2022 च्या गणनेत देशात वाघ सरासरी 3,682 निघाले आणि लांडग्यांचा अंदाज 3,000 च्या आसपासचा आहे, म्हणजे वाघाएवढेच किंवा थोडे कमीच. आपल्याकडचा लांडगा हा जगातल्या लांडग्यांच्या सगळ्यात जुन्या वंशांपैकी एक आहे असं जनुकांच्या अभ्यासातून पुढं आलंय. कायद्यात तो वाघाच्याच रांगेत, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. पण वाघाला जंगल असतं, याला गायरान. आणि गायरान सरकारी कागदावर असतं पडीक. पडीक म्हटलं की मग तिथं पवनचक्की बसवा, सोलर टाका, चर खोदून झाडं लावा, मुरूम उचला, सगळं चालतं, कारण तिथं कुणी राहतच नाही असं धरलेलं असतं. तिथं लांडगा राहतो, चिंकारा राहतो, आणि गावातल्या ज्यांच्याकडं जमीन नाही त्यांच्या शेळ्या तिथंच चरतात.

आता वेळेचं गणित बघा, ते कुणी बघत नाही. लांडग्यांचं मीलन पावसाळा संपला की होतं, दोन महिन्यांनी पिल्लं, म्हणजे डिसेंबर-जानेवारी. पिल्लं असली की जोडी बिळापासून लांब जात नाही, जवळपास जे मिळेल ते उचलते. आणि आमच्याकडं याच महिन्यांत निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं. दिवाळी झाली की टोळ्या निघतात त्या शिमग्याच्या आगं-मागं परत येतात, मधे गावात राहतात म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि शेळ्या. कर्ती माणसं नाहीत, राखण नाही, आणि लांडग्याला नेमकी तेव्हाच सगळ्यात जास्त गरज. दरवर्षीचं आहे हे.

त्या डिसेंबरात आणखी एक झालं. यवतमाळच्या टिपेश्वरमधून चालत आलेला वाघ धाराशिव जिल्ह्यात येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात सापडला. आमच्यापासून ती जागा काही फार लांब नाही, त्यामुळं प्रत्येक मोबाईलवर वाघ, प्रत्येक चावडीवर वाघ, कुत्रं भुंकलं तरी वाघ आला म्हणायचे. माणसं आधीच घाबरलेली होती, हे विसरून पुढचं वाचू नका.

पहिली घटना डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली. एक आजी आहेत, लेक आणि सून कारखान्यावर, घरी दोन नातवंडं आणि सहा शेळ्या, उस्मानाबादी, काळ्याभोर. दिवस मावळताना गायरानातून येताना एक करडू कमी भरलं. चार दिवसांनी दुसरं. दुसऱ्या वेळी नातवानं बघितलं, तो म्हणाला कुत्र्यावाणी होतं पण पाय लांब, शेपूट खाली, आणि पळताना मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. मी म्हटलं लांडगाच. नुकसानभरपाई मिळते का असं आजींनी विचारलं, तर नियम असा की मेलेलं जनावर दाखवावं लागतं. लांडगा करडू तोंडात धरून घेऊन जातो, मागं राहतं काय, माग आणि दोन थेंब रक्त. त्याचा पंचनामा कसा करणार. ही दोन करडं हिशोबात कुठंच आली नाहीत.

29 डिसेंबरला रात्री त्यांची शेळी गेली. शेळ्यांच्या वाड्याच्या कुडाला खाली भोक पडलं होतं, तिथून. यावेळी शेळी तिथंच होती, गळ्याला धरलेली, पोटाकडून खाल्लेली. आजींनी सकाळी काय केलं, नातवंडांनी बघू नये म्हणून ती ओढत नेऊन उकिरड्यात पुरली. मला कळलं तिसऱ्या दिवशी. 48 तासांच्या आत वन खात्याला कळवायचं असतं आणि जनावर जागचं हलवायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी पण नव्हतं सांगितलं, इतकी वर्षं त्यांच्या शेळ्यांना सुया टोचतोय तरी. 2022 च्या ऑगस्टमध्ये या रकमा वाढल्या, शेळी-मेंढीला बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15,000 रुपये यातलं जे कमी असेल ते. त्या शेळीची किंमत 9,000 धरली तर 6,750 रुपये झाले असते. आजी म्हणाल्या, "जाऊ द्या डाक्तर, लांडग्याला बी लेकरं असत्याल." मला ते ऐकून बरं वाटलं नाही, उलट खाली बघावं लागलं, कारण हे औदार्य त्यांच्याकडून आपण फुकटात घेतोय.

बीळ कुठं आहे ते मला माहीत होतं. नाल्याच्या कडेला मुरमाच्या भिंतीत साळिंदराचं जुनं बीळ आहे, तेच मोठं केलेलं. मी पलीकडच्या टेकाडावरून दुर्बिणीतून बघायचो, वारा माझ्याकडं असेल तेव्हाच, आणि अर्ध्या तासाच्या वर नाही. एक दिवस सूर्य बुडता बुडता नर आला. पोट तट्ट फुगलेलं, चाल जड. बिळाच्या तोंडाशी येऊन त्यानं घशातून हलकासा आवाज काढला आणि आतून चार पिल्लं गडबडत बाहेर आली, मातकट काळपट रंगाची, छातीवर दुधासारखा पांढरा डाग, जो मोठं झाल्यावर जातो. ती त्याच्या ओठांच्या कोपऱ्याला चाटायला लागली, तोंडात तोंड घालायला लागली, आणि त्यानं मान खाली घालून पोटातलं मांस त्यांच्यापुढं ओकलं. स्वतः बाजूला झाला. मादी आणि मागच्या वर्षीचं एक तरुण लांडगं थोड्या अंतरावर बसून होतं, ते तरुण राखणीला असतं, पिल्लं सांभाळतं. त्या मांसात आजींच्या शेळीचा वाटा असणार हे मला कळत होतं, तरी मी बघत राहिलो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यातली एक खोटी ठरवून हे प्रकरण सोपं करता येत नाही.

मग रील. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गावातली तीन-चार पोरं बिळापाशी गेली, एकानं आत हात घालून पिल्लू बाहेर काढलं, छातीशी धरून व्हिडिओ केला, गाणं लावलं, टाकून दिला. संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोन गावांतून मोटारसायकली यायला लागल्या. मला एका ओळखीच्या पोरानं व्हिडिओ पाठवला तेव्हा मी हातातलं काम सोडून निघालो. पिल्लू परत आत ठेवायला लावलं आणि सगळ्यांना तिथून काढलं. पोरं वाईट नव्हती हो. त्यातल्या एकाला वाटत होतं की पिल्लू एकटं आहे, आई सोडून गेली, घरी नेऊन दूध पाजावं. हा समज सगळीकडं आहे म्हणून सांगतो, दिवसा बिळापाशी मोठा लांडगा दिसत नाही याचा अर्थ पिल्लं टाकून दिलीत असा नसतो, माणूस आला की मोठी लांब सरकतात आणि कुठूनतरी बघत असतात. पिल्लू घरी आणलं की ते लांडगा म्हणून संपलं. आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला पकडणं हा गुन्हा आहे, तीन ते सात वर्षांची शिक्षा आणि किमान 25,000 रुपये दंड. हे सांगितल्यावर पोरांचे चेहरे उतरले, व्हिडिओ काढून टाकला, पण तोपर्यंत जागा सगळ्यांना कळून गेली होती.

आता मुख्य घटना. 11 जानेवारी, संक्रांतीच्या तीन दिवस आधी. गावाच्या खालच्या अंगाला एक मामा आहेत, साठ-पासष्ट मेंढरं, ज्वारीच्या फडाशेजारी वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं बसवली होती. पहाटे पाच मेंढ्या मेलेल्या आणि चार जखमी. मला साडेसहाला फोन, सातला मी तिथं. लोक जमलेले, सगळ्यांचं एकच, लांडग्याची टोळी आली. बीळ माहीत झालंच होतं, पोरं काठ्या घेऊन तयार.

मी आधी जखमी बघितल्या. मागच्या मांड्या फाटलेल्या, शेपटीचा भाग लोंबणारा, एकीचे कान गेलेले, जिकडं-तिकडं दातांचे उथळ ओरखडे. मग मेलेल्या बघितल्या. पाचपैकी चारींना गळ्यावर एक खूण नाही. मांड्या, पोट, कास. लोकर उपटून फडभर उडालेली. आणि महत्त्वाचं म्हणजे खाल्लेलं जवळजवळ काहीच नाही, एकीच्या मांडीतून थोडंसं. लांडगा उपाशी पिल्लांसाठी मारतो, तो एक मारून उचलून नेतो, पाच मारून तशाच टाकून जाणं हे त्याचं लक्षण सहसा नसतं. मग माग बघितला. ओल्या मातीत, पाट फुटलेला होता तिथं, ठसेच ठसे. लांडग्याचा ठसा लांबट, मधली दोन बोटं पुढं आलेली, आणि चालताना पाऊल पावलावर पडतं, दोरी धरल्यासारखी सरळ रेघ जाते. इथं गोल, पसरट, लहान-मोठे, इकडं फिर तिकडं फिर, जसं काही खेळत होते. मी मापासाठी काडेपेटी शेजारी ठेवून फोटो काढले. कुत्री होती. पाच-सहा तरी.

मी तसं बोललो. मामा माझ्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "डॉक्टर, कुत्र्याचे पैसे कोण देतंय?"

कुणीच नाही. भरपाईच्या यादीत वाघ, बिबट्या, लांडगा, तरस, कोल्हा असे वन्यप्राणी येतात. गावची मोकाट कुत्री येत नाहीत. म्हणजे नुकसान तेच, मेंढी तीच, पण मारणारा कुत्रा निघाला तर एक रुपया नाही. मामा म्हणाले, मग लांडगंच म्हणा की, तुमचं काय जातंय. आणि खरं सांगतो, क्षणभर मला तेच योग्य वाटलं. 50,000 च्या आसपास नुकसान, माणूस उद्ध्वस्त. पण पाच मेंढ्या एका रात्रीत लांडग्यांनी मारल्या असं एकदा कागदावर गेलं की त्या बिळाचं काय होणार होतं ते मला समोर दिसत होतं, काठ्या घेतलेली पोरं तिथंच उभी होती. मी नाही म्हटलं. सरकारी डॉक्टर आणि वनरक्षक आले, त्यांचंही मत कुत्र्यांचंच पडलं. जखमी मेंढ्यांना टाके घालून, इंजेक्शन देऊन मी दुपारी बाराच्या आत दुसऱ्या गावाला गेलेलो होतो, तिकडं एक गाय अडली होती.

ही ती चूक. खरं बोललो ते चुकलं असं मी आजही म्हणत नाही. पण माणसाच्या हातात काहीच न देता, पाच मेलेल्या मेंढ्या उघड्या टाकून, त्याला त्याच्या रागासोबत एकट्याला सोडून मी निघून गेलो. त्या मेंढ्या माझ्यासमोर पुरून घ्यायला पाहिजे होत्या. अर्ध्या तासाचं काम होतं, जेसीबी शेजारच्या वावरात उभा होता.

थोडं मागं जातो कारण कुत्री आली कुठून हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझ्या लहानपणी गावात जनावर मेलं की गावाबाहेर ठरलेल्या जागी टाकायचे आणि तासाभरात गिधाडं उतरायची, संध्याकाळपर्यंत हाडं. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा ती दिसेनाशी झाली होती आणि कारण आम्हाला माहीत नव्हतं. 2004 मध्ये कारण पुढं आलं, डायक्लोफिनॅक. सुजेवर, तापावर आम्ही जे सर्रास टोचायचो ते. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याच्या किडन्या बंद पडतात. 2006 ला जनावरांसाठी बंदी आली. तोपर्यंत पांढऱ्या पाठीचं गिधाड देशातून 99 टक्क्यांहून जास्त संपलं होतं. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या मागच्या दारानं गोठ्यात यायच्या म्हणून 2015 ला त्याही बंद झाल्या, 2023 मध्ये गिधाडांना तशीच घातक असलेल्या केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर बंदी आली. मी आता मेलॉक्सिकॅम वापरतो, ते गिधाडांना चालतं. पण सुरुवातीच्या त्या तीन-चार वर्षांत डायक्लोफिनॅकच्या किती सुया माझ्या हातानं गेल्या असतील त्याचा हिशोब माझ्याकडं नाही, आणि ते मनातून जात नाही.

तर गिधाडं गेली, मेलेली जनावरं मात्र तिथंच पडायची राहिली, त्यावर कुत्री पोसली. त्यात गेल्या काही वर्षांत पोल्ट्री आल्या, मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून नाल्यात. आमच्या या गावाच्या नाल्यात रोज पोतं पडायचं. कुत्र्यांना आयतं मांस, टोळ्या झाल्या, आणि पोतं ज्या दिवशी पडत नाही त्या दिवशी मेंढरं. म्हणजे बघा, सुई आम्ही टोचली, कोंबड्या पोल्ट्रीवाल्यांनी टाकल्या, मेंढ्या कुत्र्यांनी मारल्या, आणि बिल फाटणार होतं लांडग्याच्या नावावर. कुत्र्यांचा लांडग्याला दुसराही धोका आहे, रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूचा साथीचा रोग) त्यांच्याकडून जातो, आणि संकरही होतो, पुण्याकडच्या माळावर लांडगा-कुत्रा संकर जनुकांवरून सिद्ध झाल्याचं 2023 मध्ये प्रसिद्ध झालंय.

12 जानेवारीला सकाळी त्या रीलवाल्या पोरांपैकीच एकाचा फोन. "दादा, कुत्री तडफडायलीत, लवकर या."

मेंढ्यांच्या अंगावर उसाला टाकतात ते दाणेदार औषध पसरलेलं होतं, मांडीच्या जखमेत कोंबलेलं. त्याचा वास मला लांबूनच आला, लसणासारखा उग्र. जवळ गेलो तर मेंढीवर बसलेल्या माश्या तिथंच मरून पडलेल्या, लोकरीवर काळा थर. हे लक्षात ठेवण्यासारखं लक्षण आहे, कुठल्या मढ्याभोवती माश्या मेलेल्या दिसल्या तर हात लावू नका. दोन कुत्री मेलेली, तिसरं लाळ गाळत थरथरत पडलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, बॅगेत होतं, शिरेतून दिलं, बाकीचं कातडीखाली, दर थोड्या वेळानं बाहुली बघत परत परत. ते वाचलं. कावळे नऊ पडले होते, मी मोजले. हे बहुतेक फोरेट नावाचं कीटकनाशक असावं, त्याच्या वापरावर 2020 च्या डिसेंबरअखेर बंदी आली, तरी जुने डबे घराघरात माळ्यावर पडून असतात.

आणि नाल्यात, बिळापासून हाकेच्या अंतरावर, ते तरुण लांडगं. मादी नाही, नर नाही, राखणीला बसायचं ते. कुशीवर पडलेलं, पुढच्या पायांनी माती उकरलेली, नखात मुरूम, तोंडाला सुकलेला फेस. ते परत बिळाकडं यायला निघालं होतं हे मागावरून स्पष्ट दिसत होतं. पिल्लांपर्यंत पोचून त्यानं पोटातलं ओकलं असतं तर चारी पिल्लं त्याच रात्री संपली असती. तेवढं अंतर बाकी होतं.

मी 1926 वर फोन केला, वन खात्याची हेल्पलाइन. यावेळी माणसं दोन तासात आली. पंचनामा झाला, सरकारी डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं, नमुने प्रयोगशाळेसाठी काढले, लांडग्याला सगळ्यांसमोर जाळलं, मेंढ्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरल्या. गुन्हा नोंदवला गेला. मला जबाबात विचारलं ते मी जसं पाहिलं तसं सांगितलं, ना वाढवून ना लपवून. मामांच्या आणि माझ्यामधे बोलणं बंद झालं ते झालंच. त्यांच्या घरची शेळी आजारी पडली की मामी पोराला पाठवतात, मी जातो, मामा वाड्यातून बाहेर निघून जातात. प्रकरण अजून संपलेलं नाही म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

त्याच रात्री लांडग्यांनी बीळ सोडलं. फेब्रुवारीत दोन किलोमीटरवर दुसऱ्या नाल्यात मला जोडी आणि पिल्लं दिसली. तीन. चौथ्याचं काय झालं ते कळलं नाही, बीळ बदलताना जातं कधीकधी, किंवा हाताळलेलं तेच असेल.

नंतर जे केलं ते सगळं साधं आहे, यात शोध काहीच नाही. जानेवारीच्या शेवटी ग्रामपंचायतीत बैठक लावली. पोल्ट्रीवाले तिघं, त्यांना स्पष्ट सांगितलं की पोतं नाल्यात दिसलं तर तक्रार होणार, त्यांनी शेडच्या मागं खड्डे घेतले, एकानं टाळाटाळ केली मग सरपंचांनी स्वतः जाऊन उभं राहून खोदून घेतला. मेलेल्या जनावरांसाठी गावाबाहेर एक खोल खड्डा आणि चुन्याची दोन पोती. कुत्र्यांना लस, दोन रविवार, मी आणि ती रीलवाली पोरं, 41 कुत्री झाली, रेबीजची सगळ्यांना आणि वर्गणी पुरली तेवढ्यांना डिस्टेंपरची. पोरांना कुत्री धरायची चांगली सवय निघाली. त्यातल्या एकाकडं आता फोटोचं काम दिलंय, कुठं जनावर मेलं की तो पहिला जातो, काडेपेटी शेजारी ठेवून जखमेचे आणि ठशांचे फोटो घेतो, 1926 ला लावतो आणि मला.

आजींचा वाडा नव्यानं केला. कुडाच्या बुडाशी दीड फूट खोल दगड पुरले कारण लांडगा खालून उकरतो, वर तारेची जाळी, बाहेरून बोराटीच्या काट्यांचं दाट कुंपण. खर्च झाला तो बहुतेक जाळीचा. त्या वाड्यातून नंतर काही गेलं नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर एकाची शेळी गायरानात खरोखर लांडग्यानं मारली. पोरगं तासाभरात पोचलं, जनावर हललं नाही, त्याच दिवशी पंचनामा, आणि जूनमध्ये पैसे खात्यावर आले. चार महिने लागले, ज्याची शेळी गेली त्याला हे लांब वाटतं आणि ते बरोबरच आहे. पण पैसे आले हे अख्ख्या गावानं बघितलं, आणि माझ्या मते त्या हिवाळ्यात लांडग्यासाठी सगळ्यात जास्त उपयोगी काय पडलं तर ते पासबुकावरची एंट्री. त्या माणसाच्या घरीपण माळ्यावर तसलाच डबा होता. त्यानं तो मला आणून दिला, मी मागितला नव्हता.

कुत्र्यांनी मारलेल्याचे पैसे कोण देणार हा मामांचा प्रश्न मात्र तसाच आहे. जोपर्यंत त्याला उत्तर नाही तोपर्यंत प्रत्येक कुत्र्यानं मारलेली मेंढी लांडग्याच्या नावावर लिहायचा मोह होणार, मेंढपाळालाही आणि पंचनामा करणाऱ्यालाही. आम्ही ग्रामसभेत ठराव घेतलाय, गावापुरता छोटा निधी करायचा, मेंढरामागं वर्षाला थोडी वर्गणी आणि पोल्ट्रीवाल्यांकडून जास्त. पहिल्या वर्षी जे जमलं त्यातून मामांना एक मेंढी देता आली असती. त्यांनी घेतली नाही.

गेल्या डिसेंबरात, परत टोळ्या गेलेल्या, गाव निम्मं रिकामं. पहाटे फोन वाजला, नंबर आजींच्या नातवाचा, बोलत होत्या आजी. चरायला गेलेली शेळी रात्री परतलीच नव्हती, आता गायरानाच्या कडेला सापडली होती.

"मी हात लावला न्हाई डाक्तर. वरून पाटी पालथी घातलीय न् दगड ठेवलाय, कुत्र्यानं ओढू नये म्हणून. नातवानं त्या नंबरला लावलंय. गळ्यालाच धरलंय, मी बगितलं. तुमी या पण, सावकाश या, थंडी हाय."